माहेरी जायचंय, पण स्कूटर फेरीबोटीत चढेल का?

पत्र: मी निवृत्त शिक्षिका, वय ६९. दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. काठीच्या आधारानं दहा-बारा पावलं चालते, त्यापुढे जमत नाही. मुलानं पुण्याहून बॅटरीवरची चारचाकी मोबिलिटी स्कूटर पाठवली आणि माझं बाहेर पडणं पुन्हा सुरू झालं. स्कूटर ६५ किलोची, मी ७० किलोची. आठ अंशांपेक्षा जास्त चढावर नेऊ नका, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. घर गुहागर तालुक्यात, धोपाव्याच्या जेट्टीजवळ. माहेर खाडीपलीकडे, हर्णैला. हरतालिकेच्या दिवशी जाऊन गौरीविसर्जनानंतर परत यायचा विचार आहे. पलीकडे दाभोळला भाचा टेम्पो घेऊन येईल. मुलगा म्हणतो, फेरीबोट नको, चिपळूण-खेडवरून गाडीनं जा. पण तेवढा वेळ गाडीत बसले की गुडघे धरतात. मध्यंतरी जेट्टी बघायला गेले, तर उतारावर स्कूटर आपोआप पुढे घसरली. दोन मुलांनी सीटच्या हातांना धरून थांबवली. तेव्हापासून धीर होत नाही. बोटीवर जाताना तोंड पुढे ठेवायचं की स्कूटर उलटी घ्यायची? बोटीत स्कूटरवरच बसून राहू का? हर्णैला भावाचा नातू होडीनं सुवर्णदुर्गाला नेतो म्हणतोय, तिथे स्कूटर नेता येईल का? घरी पडवीला चिऱ्याचा उतार करून घेतलाय, चौदा इंच उंची आणि सहा फूट लांबी. तिथे मात्र रोज बिनधास्त चढते-उतरते.
– एक वाचक, तालुका गुहागर

नमस्कार बाई,

तुम्ही फेरीबोटीनं जाऊ शकता, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ नीट निवडा, उतार मोजा आणि दोन धडधाकट माणसं बरोबर घ्या. पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनं मला जेट्टीपेक्षा जास्त काळजीत टाकलंय, म्हणून आधी घरचं बोलते.

चौदा इंच उंचीला सहा फूट लांबी म्हणजे पाचास एक उतार झाला. अंशांत मोजलात तर अकराच्या आसपास. तुमच्या पुस्तिकेची मर्यादा आठ अंशांची आहे. जेट्टीला तुम्ही घाबरता आणि पडवीच्या उतारावर बिनधास्त असता, पण स्कूटरच्या ताकदीबाहेरचा उतार तुमच्या अंगणातच आहे. सार्वजनिक इमारतींसाठी आपल्याकडे बारास एक हे प्रमाण धरतात, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. त्या हिशेबानं तुमच्या पडवीला चौदा फुटांचा उतार हवा. तुम्ही आणि स्कूटर मिळून १३५ किलो होता. बारास एकच्या उतारावर हे वजन तुम्हाला साधारण ११ किलोच्या जोरानं मागे ओढतं. तुमच्या सध्याच्या उतारावर तोच जोर २६ किलोच्या घरात जातो. कोरड्या चिऱ्यावर आजवर निभावलं. पावसाळ्यात त्याच चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चाकांना पकड कुठून मिळणार?

गणपतीआधी गवंडी मिळाला तर उत्तमच. अंगणात सरळ चौदा फूट मिळत नसतील तर उतार काटकोनात वळवा आणि वळणावर पाच फूट लांब-रुंद सपाट जागा ठेवा, म्हणजे तिरक्या उतारावर वळायची वेळ येणार नाही. रुंदी किमान चार फूट. दोन्ही कडांना छोटा कठडा हवा, चाक कडेवरून उतरू नये म्हणून. गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगा: वर घोटाई नको. सिमेंट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा मारून घ्या. गुळगुळीत कोबा दिसायला छान दिसतो आणि पहिल्या सरीला दगा देतो. हे काम होईपर्यंत स्कूटर अंगणातच आडोशाला उभी करा आणि पडवीपर्यंत काठी घेऊन, कुणाचा तरी हात धरून पायऱ्यांनी जा. दहा-बारा पावलं तुम्हाला जमतात, ती इथे वापरा.

आता जेट्टी. तुमची स्कूटर का घसरली, हे समजलं की भीती बरीच कमी होईल. बोटीवर जायचं म्हणजे आधी जेट्टीच्या उतारावरून पाण्याकडे खाली जायचं आणि मग बोटीच्या लोखंडी रॅम्पवरून वर. खाली जाताना बरंचसं वजन पुढच्या चाकांवर येतं. तुमच्या प्रकारच्या बहुतेक स्कूटरींमध्ये मोटर आणि ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. वजन पुढे गेलं की मागची चाकं हलकी होतात. खाली शेवाळ असेल तर ब्रेक लागूनही ती नुसती सरकतात. तुमच्या हाताचं काही चुकलं नसावं आणि स्कूटरही बिघडलेली नसावी. तुम्ही ओल्या शेवाळावर उतरलात, एवढंच कारण असावं.

जेट्टीच्या उताराचा कोरडा भाग वर असतो आणि हिरवा, बुळबुळीत भाग ओहोटीला उघडा पडतो. म्हणून बोटीची वेळ भरती पाहूनच ठरवायची. जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. हरतालिका तृतीयेला, म्हणून भरती सव्वादोनच्या सुमाराला. प्रत्येक बंदरावर यात तासभर इकडेतिकडे होतं, तेव्हा आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून किंवा कुणाला पाठवून नेमकी वेळ विचारून घ्या. हिशेबानं त्या दिवशीची ओहोटी सकाळी आठ-सव्वाआठला येते. प्रवासाला निघायचं तर सकाळची पहिली बोट, ही आपली सवय. पण त्या दिवशी पहिली बोट तुमच्यासाठी सगळ्यात वाईट. त्यात अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी खूप आत जातं आणि शेवाळाचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. भरती चढत असताना, पूर्ण भरतीच्या तासभर आधीची बोट धरा. चढत्या भरतीत बोट जिथे टेकते त्याच्या वरचं काँक्रीट अजून भिजलेलं नसतं. भरती उतरायला लागली की तोच भाग ओला होऊन जातो.

पाऊस असेल तर अर्थात सगळंच ओलं असेल. रिमझिम असेल तर चालेल, सावकाश जा. पण जोराचा वारा असेल किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर त्या दिवशी निघू नका. चतुर्थीला उशिरा पोहोचलात तरी माहेरचा गणपती रागावणार नाही.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. मुलाला किंवा शेजारच्या कुणाला सांगा, एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यायची, तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवायचं आणि पट्टी आडवी समपातळीत धरायची. दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहतं ते मोजायचं. १४ सेंटिमीटर आलं तर तो आठ अंश, म्हणजे तुमच्या स्कूटरची शेवटची मर्यादा. ओल्या जमिनीवर मी स्वतः १० सेंटिमीटरच्या वर जाऊ देणार नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये पातळी मोजायची सोय असते. फोन उतारावर ठेवला की अंश थेट दिसतात. जेट्टीचा उतार असा मोजून ठेवा. बोटीचा लोखंडी रॅम्प मात्र पाण्यासोबत वरखाली होतो, त्यामुळे त्याचं माप त्या वेळी डोळ्यांनीच घ्यावं लागतं.

आकडा जास्त आला तर हट्ट करू नका. भाच्याला सांगा, टेम्पो दाभोळला उभा न करता बोटीतून अलीकडे घेऊन ये. टेम्पोचं तिकीट पडेल, तेवढंच. स्कूटर मागे बांधायची, तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं. चिपळूणचा फेरा वाचतो, गुडघेही वाचतात आणि मुलाच्या काळजीलाही उत्तर मिळतं. खरं सांगायचं तर पावसाळी दिवसात माझी पहिली पसंती हीच.

उतार मर्यादेत निघाला आणि तुम्हाला स्वतः स्कूटर चालवतच जायचं असेल, तर तीही इच्छा मला पूर्ण समजते. मग पुढचं नीट वाचा आणि बरोबर येणाऱ्या दोघांनाही वाचून दाखवा.

बोट टेकल्यावर लगेच पुढे सरू नका. ही जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, दोरापेक्षा इंजिनाच्या रेट्यावर काठाला टेकून उभी असते. जड गाडी आत चढली की रॅम्प दबतो, हलतो. म्हणून तांडेलाला किंवा खलाशाला आधीच सांगून ठेवा, मला सगळ्यांत आधी आत घ्या आणि सगळ्यांत शेवटी उतरवा. आधी गेलात की डेक मोकळा मिळतो, शेवटी उतरलात की मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. त्यांनी हात दाखवला की मगच निघायचं. उतरण्यासाठी कुठल्या बाजूचा रॅम्प उघडणार हेही विचारा. तोंड फिरवायचं असेल तर ते सपाट डेकवर, बोट काठाला टेकलेली असतानाच फिरवून घ्या.

निघण्याआधी वेगाची कळ सगळ्यात कमीवर आणा. फिरणारी सीट असेल तर ती खटक्यात बसली आहे ना, हलवून बघा. मागच्या टोपलीत पुरणपोळीचा डबा, साड्या, नारळ असं काही ठेवू नका. मागे वजन असलं की चढावर पुढची चाकं उचलली जातात. सामान नातेवाइकांच्या हातात द्या. पदर खोचून घ्या, निऱ्या पायांमध्ये आवरून बसा. मागच्या चाकात पदर अडकला तर स्कूटर आणि माणूस दोन्ही आडवे होतात, आणि साडीचं हे पुस्तिकांत सहसा सांगितलेलं नसतं.

तोंड नेहमी पुढे. उलटी घेऊ नका, चढतानाही नाही आणि उतरतानाही नाही. जेट्टीच्या उतारावर खाली जाताना पाठ सीटला टेकवून मागे रेलून बसा, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहतं. लोखंडी रॅम्पवर चढताना कमरेतून थोडं पुढे झुका. दोन्हीकडे अगदी सरळ रेषेत जा. तिरकं गेलं की एका बाजूच्या चाकांवर भार येतो आणि स्कूटर कलते. मध्येच थांबावं लागलं तर घाबरून हात झटकू नका, स्कूटर चालवायची कळ हळूच सोडा. कळ सोडली की ब्रेक आपोआप लागतो. उतारावर मात्र थोडं सरकून मग लागतो, ते गृहीत धरा. चालत्या स्कूटरची चावी कधीही बंद करू नका, ती झटक्यात थांबते.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती जेट्टीचा उतार आणि बोटीचा रॅम्प जिथे भेटतात ती. तिथे खोलगट कोन होतो. पुढची चाकं रॅम्पवर चढतात आणि मागची अजून उतारावर असतात, तेव्हा स्कूटरच्या मागे असलेली ती दोन छोटी, उलटू न देणारी चाकं जमिनीला टेकतात. कोन फार तीव्र असेल तर ती मागच्या मोठ्या चाकांना उचलून धरतात. मोठी चाकं उचलली गेली की मोटरही गेली आणि ब्रेकही गेला, कारण दोन्ही त्याच चाकांवर आहेत. म्हणून सोबतच्या एकानं आधी पुढे जाऊन तो सांधा बघायचा. फट किती, पायरी किती, पाणी किती. पायरीसारखी धार पडली असेल, चाक बुडेल एवढं पाणी असेल, तर थांबा आणि खलाशाला बोट थोडी वर घ्यायला सांगा. चढत्या भरतीत हे शक्य असतं. काँक्रीटवर शेवाळ दिसलं तर चाकांच्या दोन रेघांपुरती जाड रेती टाका, एक-दोन बादल्या पुरतात. लोखंडी रॅम्पवर मात्र रेती नको, गुळगुळीत पत्र्यावर ती चाकं उलट सरकवते.

मदत करणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं? दोन बाजूंना. उताराच्या खालच्या अंगाला, स्कूटरच्या वाटेत कुणीही नाही. १३५ किलो अंगावर आले तर धडधाकट तरुणालाही थोपवता येत नाहीत. त्या दिवशी मुलांनी स्कूटर हातांना धरली असं तुम्ही लिहिलंय. हे हात बऱ्याच स्कूटरींमध्ये वर उचलायचे किंवा काढता येणारे असतात, जोर लावला की नुसते हातात येतात. धरायचं ते सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला. आणि मागची ती छोटी दांडी, जी ओढली की स्कूटर हातानं ढकलता येते, तिला उतारावर कुणालाही हात लावू देऊ नका. ती ओढली की ब्रेक सुटतो. ढकलायला सोपं जावं म्हणून चांगल्या मनानं माणसं तीच दांडी ओढतात.

बोटीत गेल्यावर स्कूटरवर बसून राहू नका. तुमची सीट उंच आहे, स्कूटरची चाकं छोटी आहेत आणि डेकवर डिझेल-पाण्याची ओल असते. एखादी लाट आली किंवा बोट काठाला टेकताना धक्का बसला, तर स्कूटर तुमच्यासकट सरकू शकते. चार पावलं चालून बोटीच्या पक्क्या बाकावर बसा. स्कूटरची चावी काढून घ्या, ती दांडी ब्रेकच्या बाजूला आहे याची खात्री करा, चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवा आणि सांगाड्याला दोन पट्टे घालून बोटीच्या कठड्याला बांधा. हँडलला किंवा सीटला बांधू नका.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. घरच्या रस्त्यावर कमरेचा पट्टा लावता ते बरोबरच आहे. पाण्याच्या कडेला आलात की तो सोडा. जीव धोक्यात आलाच तर तुम्ही आणि ६५ किलोचं लोखंड वेगळं असणं गरजेचं आहे. त्याऐवजी लाइफ जॅकेट घाला, जेट्टीवर उतरण्याआधीच. शाल किंवा रेनकोटच्या वरून घाला आणि सगळी बकलं लावा. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

सुवर्णदुर्गाचं उत्तर मात्र नाही असंच आहे. छोट्या होडीत फळी टाकून स्कूटर चढवायची कल्पना कुणी मांडली तर ठामपणे नकार द्या. एवढं वजन एका बाजूला आलं की होडी कलते, आणि किल्ल्याच्या बाजूला चाकं चालतील अशी वाटही नाही. शिवाय गणपतीच्या दिवसांत समुद्र अजून शांत झालेला नसतो. हर्णै बंदराच्या पक्क्या रस्त्यावरून किल्ला समोर दिसतो, तिथे स्कूटर घेऊन जरूर जा. संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला गेलात तर वाळूत उतरू नका, छोटी चाकं रुततात आणि मोटर तापून बंद पडते. बोटीवर स्कूटर चालवत चढायची हौस राहिलीच, तर कधी मुंबईला गेलात की भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो, म्हणजे गाड्या थेट चालवत आत नेता येणारी बोट, घ्या. २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट माणसांबरोबर वाहनंही नेते. निघायच्या आधी फोन करून स्कूटरबद्दल विचारा.

हर्णैला पोहोचलात की त्याच दिवशी स्कूटर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि मग कोरड्यानं. पाइपनं पाणी मारू नका, मोटर आणि ब्रेक खाली चाकांजवळच असतात. खारं पाणी आत गेल्याची शंका आली तर सुरू करून बघू नका, आधी मेकॅनिकला दाखवा. चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

आणि बाई, तुम्ही शिक्षिका आहात, अर्ज लिहिणं तुम्हाला नवीन नाही. जेट्टीचं शेवाळ पावसाळ्यात वेळोवेळी काढावं आणि एका बाजूला धरायला कठडा बसवावा, असा एक अर्ज ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र सागरी मंडळाला द्या. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा प्रवासाच्या सगळ्याच साधनांत सुगमता मागतो, त्याचा उल्लेख करा. त्या उतारावरून बाळंतिणी, म्हातारी माणसं, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी, सगळीच जातात. सह्या मिळायला वेळ लागणार नाही.

परतीचं असं बघा. गौरीविसर्जन बहुधा नवमीच्या आसपास येतं. नवमीची पाऊणपट म्हणजे पावणेसात, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला, ओहोटी भर दुपारी. अष्टमी नुकतीच झालेली असल्यानं भांगाचे दिवस, पाणी फार आत जात नाही, त्यामुळे थोडी सवड मिळते. तरी दुपारची बोट टाळा. दुसऱ्या दिवशी दशमीला निघालात तर भरती साडेसातला, म्हणजे सकाळी साडेसहा-सातची बोट छान. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरून ठेवा. धोपाव्याला उतरल्यावर जेट्टीवरून घराकडे चढ आहे आणि चढावर बॅटरी भराभर उतरते.